खिडकीखालची वाट

८ फेब्रुवारी

लेक फोनवर म्हणाली, "आई, रोज माझ्याशी भांडण्यापेक्षा लिहून काढत जा. वहीला राग येत नाही." म्हणून ही वही. लिहायची सवय मला आहेच. सगळा जन्म वॉर्डात गेला, शेवटी मेट्रन होऊन बाहेर पडले. तिथे पेशंटची हालहवाल लिहायची, स्वतःचं मत नाही. इथे मत सोडून दुसरं काही लिहायचा माझा विचार नाही.

तर पहिलं मत. हे घर घेताना आमची बुद्धी चरायला गेली होती. घर चांगलं आहे. पुढे रस्ता, मागे वाळू आणि लगेच समुद्र. पण घराच्या कडेनं, आमच्याच कुंपणाच्या आतून, एक पायवाट रस्त्यावरून थेट वाळूत उतरते आणि सगळा गाव तिला आपली समजतो. दलाल म्हणाला होता, "अधूनमधून कोणी जातं." अधूनमधून! उजाडलं नाही तोच लोकांची वर्दळ सुरू. पोहणारे, पळणारे, कुत्रेवाले, गळ टाकून बसणारे. येताना ओले पाय, माझ्या नळावर धुणार आणि नळ अर्धवट बंद करून जाणार.

आणि वाट जाते नेमकी यांच्या खिडकीखालून.

यांना झटका आला त्याला वर्ष होत आलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. म्हणजे एक शब्द सोडून सगळी गेली. उरलेला शब्द 'मंगळवार'. पाणी हवं, मंगळवार. उशी टोचते, मंगळवार. मी ओरडले, मंगळवार. डॉक्टर म्हणतात, एखादा शब्द असा अडकून राहतो, त्याला अर्थ नसतो. मला मात्र तो शब्द थोडा लागतो. यांचं सलून सोमवारी बंद असायचं आणि मीही भांडून सोमवारचीच रजा घ्यायचे. आमच्या दोघांच्या हक्काचा तेवढा एक दिवस. सोमवार अडकला असता तर मी समजू शकले असते.

१३ फेब्रुवारी

वाटेवरची मंडळी आता मला तोंडपाठ झाली आहेत. पोहायला जाणाऱ्या बायकांची एक टोळी आहे. त्यांच्या पुढे पिवळी रबरी टोपी घातलेली एक धिप्पाड म्हातारी. पूर्वी बस चालवायची म्हणे, आवाजही भोंग्यासारखाच आहे. मी तिचं नाव कॅप्टन ठेवलंय. मग एक गळवाला, मानेपर्यंत केस वाढलेला, खांद्यावर काठी घेऊन जातो. कधी मासा घेऊन परत आलेला पाहिला नाही.

खिडकी बुटकी आहे. आत हे खुर्चीत बसले की बाहेरून जाणाऱ्याचं डोकं यांच्या हाताशी येतं. आणि जाणारा प्रत्येक जण डोकं आत घालतोच! "काय दादा, कसं काय?" यांना उत्तर देता येत नाही हे दिसत नाही का लोकांना? आज तर कमालच झाली. गळवाल्यानं डोकं आत घातलं आणि यांनी डाव्या हातानं त्याचे केस चिमटीत धरून वर उचलले, मान हलवली, तोंडानं च्च च्च केलं. परका माणूस! मी धावत जाऊन माफी मागितली. तो नुसता हसत होता.

सलूनमध्ये यांची बडबड ऐकून मी म्हणायचे, ज्याच्या मानेवर वस्तरा आहे तो माणूस मध्येच उठून जात नाही, म्हणून तुम्हाला श्रोते मिळतात. आता वस्तराही नाही आणि बडबडही नाही. आता मी बडबडते, हे ऐकतात. बिचारे उठून जाऊ शकत नाहीत.

१९ फेब्रुवारी

नाडी पाहिली. सकाळी टोळी येण्याच्या सुमाराला यांची नाडी जोरात पळते. मुद्दाम रोज पाहिली, रोज तेच. गडबडीनं पेशंट अस्वस्थ होतो, हे मला कुणी शिकवायला नको. कान आधीच रस्त्याकडे लागलेले असतात, घास तोंडात तसाच राहतो.

म्हणून आज वाटेच्या तोंडाशी पाटी लावली. "आत रुग्ण आहे. भेटीची वेळ फक्त संध्याकाळी. इतर वेळी खिडकीशी थांबू नये. हळू बोलावे." अक्षर माझंच, मोठं आणि ठसठशीत. हॉस्पिटलमध्ये या अक्षराला सर्जनसुद्धा घाबरायचे.

कॅप्टननं पाटी मोठ्यानं वाचली. शेवटचं वाक्यसुद्धा मोठ्यानंच वाचलं.

२० फेब्रुवारी

पाटीचा उपयोग झाला. आज सगळी टोळी खिडकीखालून चवड्यांवर गेली, चपला हातात घेऊन, एकामागे एक. हे खदाखदा हसत होते. म्हणजे तो हसण्याचा आवाज असावा. जेवण मात्र नीट झालं, दोनदा मागून घेतलं. समुद्राच्या हवेनं भूक लागते.

२७ फेब्रुवारी

राग उतरायच्या आत लिहून टाकते.

मी मागे कपडे वाळत घालत होते. वाटेवरून मोठा हशा ऐकू आला. जाऊन पाहते तर खिडकीशी ही गर्दी. कॅप्टन ओरडली, "मंगळवार!" आतून हे म्हणाले, "मंगळवार." मग कुत्रेवाला म्हणाला, "मंगळवार, मंगळवार!" आणि सगळे हसले. एक तरुण पोरगी तर कमरेवर हात ठेवून, भुवई उडवून म्हणाली, "मंगळवार?" पुन्हा हशा.

माझ्या नवऱ्याची नक्कल करतात. माझ्या घरात डोकं घालून, माझ्या नळाचं पाणी वापरून, माझ्या नवऱ्याची नक्कल करतात! ज्या माणसाची बडबड ऐकायला सगळं शहर येऊन बसायचं, त्याची एवढी एक उरलेली चीज घेऊन तिचा खेळ करतात. आणि हे, साधेभोळे, तेही हसत होते. त्यांना कळतही नसेल, आपल्याला हसताहेत म्हणून. तेच मला सहन झालं नाही.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. मत लिहायचं ठरवलंय, शिव्या नाही. सगळे पांगले. कॅप्टन तेवढी उभी राहिली. "सिस्टर, तुमचा गैरसमज होतोय," म्हणाली. मी खिडकी लावली.

यांना जवळ घेऊन बसले बराच वेळ. अंग ताठ करून बसले होते. घाबरले असणार.

५ मार्च

शेजारच्या बंगल्यात निवृत्त वकील राहतात. वाटेची दुसरी बाजू त्यांच्या भिंतीला लागून. ते पहिल्या दिवसापासून माझ्या कानाशी लागलेत, "वहिनी, वाट तुमच्या सातबाऱ्यात, आय मीन, तुमच्या हद्दीत आहे. गेट लावा. लोक आरडाओरडा करतील, आपण पालिकेत अर्ज करू. सुनावणी होईपर्यंत गेट राहतं." आजवर मी हो-ना करत होते. आज हो म्हटलं. वेल्डर मोजमाप घेऊन गेला.

वकीलसाहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतः माझा नळ नीट बंद केला.

१२ मार्च

गेट लागलं. हिरवं, लोखंडी, कडी आणि कुलूप. वकीलसाहेबांना एक किल्ली दिली. ते स्वतः रोज त्याच वाटेनं फिरायला जातात, हे त्यांनी आजच सांगितलं.

सकाळी टोळी आली. मी कमरेवर हात ठेवून उभीच होते. भांडण होणार म्हणून सगळी वाक्यं तयार ठेवली होती. कॅप्टननं गेटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खरंच त्रास होतो का दादांना?" मी म्हटलं, "मी नर्स आहे. मला नाडी कळते." ती म्हणाली, "मग नको," आणि वळली. तिच्यामागे सगळ्या वळल्या. आता त्या पार खडकांच्या बाजूनं फिरून जाणार, बराच वळसा पडतो.

तयार केलेली वाक्यं तशीच राहिली. जरा चुकल्यासारखं वाटलं.

१८ मार्च

काय शांतता आहे! लाटांचा आवाज नीट ऐकू येतो. नाडी संथ, एकसारखी. हे बराच वेळ झोपून असतात. विश्रांतीची गरज होतीच. मी जवळ बसून वर्तमानपत्र वाचून दाखवते. पूर्वी मी ड्युटीवरून यायचे तेव्हा हे सलूनमध्ये, हे यायचे तेव्हा मी ड्युटीवर. जन्मभर एकमेकांच्या उशा तेवढ्या गरम पाहिल्या. आता सकाळ, दुपार, संध्याकाळ दोघंच. मला फार बरं वाटतं. हे लिहायला लाज कसली?

२६ मार्च

जेवण कमी झालंय. उकाडा सुरू झाला, त्यामुळे असेल.

दाढी करू देत नाहीत. रोज मीच करते, आजवर कधी कुरकुर नव्हती. उलट डोळ्यांनी शिकवायचे, इथे ब्रश फिरव, तिथे कातडी ताण. आज ब्रश तोंडाजवळ नेला की मान फिरवतात. ज्या माणसाच्या गालावर कधी खुंट दिसला नाही, तो पांढरी दाढी घेऊन भिंतीकडे पाहत बसलाय. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "बाबांना कुणासाठी करायची दाढी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी!" तेवढ्यात फोन कटला. हल्ली फोनची रेंजच नीट नसते.

आणि मंगळवारही कमी झालाय. काल दिवसभरात एकदाच म्हणाले, तेही झोपेत.

३ एप्रिल

चांगली बातमी! हाताला गुण आला.

उजव्या हाताचा मी रोज व्यायाम घेते, उचल, सोड, उचल, सोड. डॉक्टरांनी आशा सोडली होती, मी सोडली नव्हती. आज सकाळी दूध घेऊन आत आले तर यांनी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं होतं आणि दोन्ही हात डोक्यावर नेले होते! खाली आणले, पुन्हा वर नेले. अगदी आपणहून. मी तिथेच दूध सांडलं. वॉर्डमधल्या जुन्या मैत्रिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या हाताखालचा पेशंट, बरा न होऊन सांगतो कुणाला?"

खुर्ची खिडकीशीच असली तर व्यायाम चांगला होतो, असंही दिसून आलंय. उजेडाचा परिणाम असतो.

१२ एप्रिल

खिडकीच्या काचेवर खारं पाणी सुकून पांढरे डाग पडतात. आज ते पुसत होते. माझ्या मागे खुर्चीत यांचा व्यायाम चालू. हात वर, हात खाली. सहज यांच्या नजरेच्या रोखानं बाहेर पाहिलं. दूर खडकांवर माणसं उभी होती. ठिपके ठिपके. त्यांतला एक ठिपका पिवळा. आणि सगळे ठिपके दोन्ही हात वर करून हलवत होते.

पोहून झाल्यावर थंडीत कुडकुडत तिथे उभे राहतात. यांना हात करतात. आणि यांना तो जड झालेला उजवा हात नुसता उचलवत नाही, म्हणून हे दोन्ही हात एकत्र करून वर नेतात. व्यायाम कसला नि काय कसलं.

खरं लिहायचं ठरलंय, तर लिहिते. मला राग आला. वाट बंद केली तरी पाठ सोडत नाहीत, असं वाटलं. मी पडदा ओढला.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग रडले. आवाज न करता, नुसतं पाणी डोळ्यांतून. झटका आल्यापासून हा माणूस रडला नव्हता.

दुपारी पडदा काढून टाकला. धुवायचा होता, असं स्वतःला सांगितलं. भिजत घातला आणि बादलीपाशीच बसून राहिले.

१५ एप्रिल

पालिकेत सुनावणी झाली. यांच्यापाशी लेक येऊन बसली होती.

खोली लहान, पंखा कुरकुरणारा, अधिकारीबाई तरुण आणि सर्दीनं बेजार. वकीलसाहेब माझ्या शेजारी कडक इस्त्रीत. त्यांनी हद्द, नकाशा, मिळकत असं बरंच सांगितलं. छान बोलले. मग अधिकारीबाईंनी विचारलं, "हरकतदार कोण आहेत?"

कॅप्टन उठल्या. (आज त्यांना एकेरी लिहवत नाही.) टोपी नव्हती, केस पिकलेले, नीट विंचरलेले. ओळखायला वेळ लागला. मागे सगळी टोळी, कुत्रेवाला, गळवाला. गळवाल्याचे केस कापलेले.

"आमची हरकत नाही," कॅप्टन म्हणाल्या.

अधिकारीबाईंनी रुमालातून नाक बाहेर काढलं. "हरकत नाही? मग एवढे सगळे कशाला आलात?"

"हरकत नाही, हे सांगायला. सिस्टरनी सांगितलं, पेशंटला त्रास होतो. मग नको. त्या नर्स आहेत, त्यांना कळतं. आम्ही खडकांकडून जातो, थोडं लांब पडतं, पण आम्हाला पाय आहेत. फक्त एवढं लिहून घ्या बाई, दादांची खुर्ची खिडकीतून हलवायला लावू नका."

वकीलसाहेब खूश होऊन माझ्याकडे वळले. मी खाली पाहत होते.

अधिकारीबाई कागद चाळत म्हणाल्या, "जागा दोघांच्या नावावर आहे. यजमानांचं म्हणणं काय आहे?"

मी म्हटलं, "त्यांना बोलता येत नाही."

"येतं की," कॅप्टन म्हणाल्या.

भांडायला नव्हे. कुणी दुकान उघडं आहे का विचारावं आणि आपण सांगावं, तसं म्हणाल्या. "आमच्याशी बोलायचे ना रोज. या गळवाल्याच्या मागे लागून त्याला केस कापायला लावले त्यांनी. माझी सून रुसून माहेरी गेली होती, तर रोज विचारायचे, आली का, आली का. आली त्या दिवशी मी लांबूनच ओरडून सांगितलं, तर केवढे हसले."

"कसं विचारायचे?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"मंगळवार म्हणायचे."

खोलीत कोणी हसलं नाही.

"आणि तुम्ही?"

"आम्हीपण तेच म्हणायचो. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायला नको का?"

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात त्या स्वतः येऊन जागा पाहतील आणि यजमानांना प्रत्यक्ष विचारतील. मी घरी कशी आले ते आठवत नाही. वकीलसाहेब वाटभर बोलत होते.

१६ एप्रिल

मला सून आहे का, ती कुठे आहे, हे यांनी मला कधी विचारलं नाही. मला मुळात सून नाही, ते सोडा. पण हा माणूस दुसऱ्याच्या घरातल्या रुसव्याफुगव्यांची चौकशी करत होता आणि मी त्याला पाणी हवंय असं समजून पेला पुढे करत होते.

वॉर्डात नव्या मुलींना मी दटावून सांगायचे, नाडी पळते एवढंच बोटांना कळतं, का पळते ते पेशंटला विचारा. मी विचारलं नाही. मला उत्तर नको होतं. जन्मभर हा माणूस गिऱ्हाइकांचा होता, झटक्यानं मला परत आणून दिला. वाटेवरचे लोक त्याला पुन्हा माझ्यापासून ओढून नेत होते आणि तो आनंदानं जात होता. राग नकलेचा नव्हताच. मत्सर होता. या वयात, नवऱ्यावरून, एका पिवळ्या टोपीशी!

लेकीला हे सांगितलं. ती हसली आणि मग तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. पोटची पोर, पण मोठ्या बाईसारखं थोपटत राहिली.

संध्याकाळी यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले आणि विचारलं, "अहो, ते लोक यावेत असं वाटतं का तुम्हाला?"  यांनी हनुवटीवरून हात फिरवला आणि ब्रशकडे बोट दाखवलं. मी दाढी करून दिली. दोन ठिकाणी कापलं. डोळ्यांत पाणी असताना वस्तरा धरू नये.

२२ एप्रिल

अधिकारीबाई आल्या. सर्दी गेलेली होती. सोबत वकीलसाहेब. गेटबाहेर टोळी, पण कुणी तोंड उघडत नव्हतं.

त्या यांच्यासमोर वाकल्या आणि सरळ यांनाच विचारलं. "आजोबा, गेट ठेवायचं की काढायचं?"

मी पदराचं टोक दातांत धरलं. दर वेळी यांच्या वतीनं मीच बोलते, सवयच लागली आहे. आज गप्प बसले. फार जड गेलं.

हे बोलायला लागले. मंगळवार, मंगळवार, मंगळवार. आधी हळू, मग चढ्या आवाजात. गेटकडे बोट, समुद्राकडे बोट, छातीवर हात. मग माझ्याकडे वळून बराच वेळ. कधी दटावल्यासारखं, कधी समजावल्यासारखं. शेवटी दमून थांबले.

अधिकारीबाईंनी मला विचारलं, "काय म्हणाले?"

"गेट काढा म्हणाले."

"एवढं सगळं?"

"बाकीचं मला उद्देशून होतं. ते लिहून घेऊ नका."

गेटबाहेर पहिल्यांदा कोणीतरी फसकन हसलं. यजमानही हसले. मी अर्ज मागे घेतला. शिवाय म्हटलं, ही वाट नकाशावर सगळ्यांची म्हणून कायमची दाखवा. आम्ही आज आहोत, उद्या नाही. इथे आणखी कोणी माझ्यासारखी शहाणी राहायला यायची. वकीलसाहेब कासावीस झाले. "वहिनी, मिळकतीवर कायमचा बोजा बसेल हा!" मी म्हटलं, "बसू दे. पेशंट उचलून उचलून मला सवय आहे."

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. तोंड पडलं होतं. मी म्हटलं, "उद्यापासून किल्लीशिवाय फिरायला जाता येईल तुम्हाला." त्यांना ते सुचलंच नव्हतं.

२५ एप्रिल

वेल्डर गेट काढून घेऊन गेला. लावणाराही तोच, काढणाराही तोच, त्यामुळे त्याला माझ्याबद्दल काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

टोळी आली. खिडकीशी ही गर्दी. मी आतून पाहत होते, या वेळी नीट कान देऊन. कुत्रेवाल्याचा मंगळवार तक्रारीचा होता, कुत्रं आजारी आहे. तरुण पोरीचा मंगळवार लाडाचा. यांचे तर किती प्रकारचे! मला यातले अर्धेसुद्धा ऐकू आले नव्हते.

पाय धुण्यावरून मात्र मी आजही बोलले. नळ घट्ट बंद झालाच पाहिजे. हे मत बदललेलं नाही.

६ मे

कॅप्टन गेले काही दिवस फळ्या गोळा करत होत्या. आज सगळ्यांनी मिळून त्या वाळूत अंथरल्या, वाटेच्या टोकापासून ओल्या वाळूपर्यंत. चाकाची खुर्ची त्यावरून न्यायची म्हणे. मी औषधं, टॉवेल, छत्री, रक्तदाबाचं यंत्र अशी पिशवी भरली. कॅप्टननं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि खाली ठेवली.

"सिस्टर, आज तुम्ही सुट्टी घ्या."

"आणि काही झालं तर?"

"ओरडेन. माझा आवाज माहिताय तुम्हाला."

सगळे यांना घेऊन गेले. यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. घर रिकामं झालं. मी काय करावं ते मला सुचेना. पलंग झाडला, पुन्हा झाडला. मग यांच्या खुर्चीच्या जागी स्टूल टाकून खिडकीशी बसले. वाटेवर कोणी नव्हतं. लाटांचा आवाज, शांतता, सगळं मला हवं होतं तसं. घटकाभरही बसवेना.

आणलं तेव्हा लाल झाले होते, पाय ओले, कानात वाळू. खुर्चीच्या चाकांत शेवाळ. मी रागावत रागावत पाय पुसले. हे झोपेपर्यंत हसत होते. मी मात्र जागी राहिले, कान देऊन, एखादा शब्द निसटतो का म्हणून.

७ मे

सकाळी दाढी केली, कुठेही कापलं नाही. कपडे चढवले. टोळीला यायला अवकाश होता. हे खुर्चीत बसले, डाव्या हातानं चाक थोडं पुढे ढकललं आणि दाराशी थांबले.

मी अंथरूण आवरत होते.

"चल," हे म्हणाले.

स्वच्छ, ठसठशीत. मी लगेच मागे वळून पाहिलं, कॅप्टन येऊन उभ्या असतील म्हणून. मागे कोणी नव्हतं.